रिकाम्या जागेवरची प्रार्थना

प्रवरेच्या काठी चिंचखेड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ख्रिस्ती मंडळीत ख्रिस्तदासबाबा एकतीस वर्षे पाळक होते. बाबांचा आवाज बारीक आणि उपदेश थोडका. पण आजाऱ्याच्या उशाशी ते नुसते बसले, तरी घरात उजेड पडल्यासारखे वाटे.

पुढे बाबांची दृष्टी अधू झाली, तेव्हा मंडळीची सेवा त्यांनी उपदेशक शिलास पगारे याच्याकडे सोपवली. शिलास चाळिशीचा, मूळचा गवंडी. बाबांनी त्याला एकच नेम लावून दिला. पहाटे रिकाम्या प्रार्थनामंदिरात जायचे. मंडळीत सदतीस कुटुंबे होती आणि सतरंजीवरची प्रत्येकाची जागा ठरलेली होती. त्या प्रत्येक जागेवर थोडा वेळ बसायचे आणि त्या घराचे नाव देवापुढे घ्यायचे.

निवृत्त मुख्याध्यापक हनोख मास्तर हे मंडळीचे ज्येष्ठ पंच. शास्त्रपाठ वाचताना शिलास अडखळे, ते त्यांना सोसत नसे.

"मेंढरं रानात, आणि मेंढपाळ राखतोय रिकामा वाडा!" ते चारचौघांत म्हणत. "आणि उपदेश करतो की भिंत रचतो? दर दोन शब्दांनी ओळंबा लावून बघतो!"

लोक हसत. शिलासही कसनुसा हसे. मास्तरांनी मंदिरात यायचे सोडले, त्याला चार महिने झाले होते. 'एक तर गवंडी राहील, नाही तर मी. रविवारी सभेत ठरवा,' असे त्यांनी पंचांना कळवले होते.

शुक्रवारी संध्याकाळी शिलास बाबांकडे गेला.

"बाबा, मी सेवा सोडतो. थापीच बरी होती. भिंत निदान उलटून बोलत नाही."

बाबा हसले. म्हणाले, "आज किती जागांवर बसलास?"

"छत्तीस."

"मास्तरांची राहिली?"

"ते येतच नाहीत, बाबा."

"जो आपल्या पायांनी येतो, त्याला मेंढपाळ कशाला? उद्या त्यांच्या जागेवर बस. मग खुशाल सोड."

शनिवारी पहाटे असे धुके पडले की मंदिराच्या खिडक्या दुधाने भरल्यासारख्या दिसत होत्या. छत्तीस जागा आटोपून शिलास खांबाजवळच्या मास्तरांच्या जागेवर बसला. प्रार्थना सुचेना. कानांत लोकांचे हसणेच घुमत होते. अखेर तो एवढेच म्हणाला, "प्रभू, हनोख मास्तर." पुन्हा तेच म्हणाला. म्हणता म्हणता त्याच्या पापण्या मिटल्या.

सगळीकडे पांढरे होते. कमरेपर्यंत गार पाणी होते, पण त्याला आवाज नव्हता. पलीकडे एका दगडावर कोणी उभे होते, कोट छातीशी घट्ट धरून, जत्रेत चुकलेल्या पोरासारखे. शिलास चालत गेला. त्याला घाई नव्हती, भीतीही नव्हती. गवंड्याच्या पायाला दगड ओळखू येतो. "डावा पाय आधी टाका, मास्तर," तो म्हणाला, "खाली दगड हाय." एकही शब्द अडखळला नाही. मग एक म्हातारा, हलका हात त्याच्या हातात आला.

"उपदेशक! ओ उपदेशक!" झाडलोट करणारी रूथमावशी खराटा आपटत होती. "दिवस वर आला की!"

शिलास उठला तो थेट बाबांकडे गेला.

"झोपलो, बाबा! एका माणसासाठी जागायचं होतं, तेवढंही माझ्यानं झालं नाही. आता तरी मला मोकळं करा."

एवढ्यात दारात हनोख मास्तर उभे राहिले. धोतर निथळत होते, एका पायात वहाण नव्हती, ओठ निळे पडले होते. त्यांनी बाबांना सलामसुद्धा केला नाही.

"शिलासराव, मला काठावर सोडून न बोलता निघून का आलात?"

मास्तर सांगू लागले. ते रोजच्यासारखे नदीपलीकडे फिरायला गेले होते. परतताना दगडांवरून नदी ओलांडत असतानाच वरच्या धरणाचे पाणी आले. धुक्यात दोन्ही काठ दिसेनात.

"ओरडून ओरडून घसा बसला. पाणी कमरेला लागलं. तेवढ्यात तुम्ही आलात. म्हणालात, 'डावा पाय आधी टाका, खाली दगड हाय.' जन्मभर पोरांच्या 'हाय'वर छडी उगारली मी! आज त्याच 'हाय'वर पाय ठेवला आणि वाचलो."

"नदीवर? हे?" मागून आलेली रूथमावशी म्हणाली. "मी मंदिरातच झाडत होते, मास्तर. हे खांबाला टेकून चांगले घोरत होते की!"

स्वप्नातले शब्द शिलासने अजून कोणालाच सांगितले नव्हते.

बाबांनी हात जोडले. म्हणाले, "शिलास झोपला होता हे खरंच आहे, मास्तर. जो जागा होता, तो कधीच झोपत नाही. त्यानं याचा हात तेवढा वापरला."

केवढी ही प्रभूची करुणा! प्रार्थना करणारा झोपला, तरी प्रार्थना नदीवर जाऊन पोहोचली.

मास्तर शिलासच्या पायांशी वाकू लागले. शिलासने त्यांचे खांदे धरले. "नको, मास्तर! मी काहीच केलं नाही."

"मग एवढं तरी सांगा. सदतीस घरांच्या जागेवर तुम्ही बसता. तुमच्या जागेवर कोण बसतं?"

एकतीस वर्षांत हे बाबांनाही कोणी विचारले नव्हते.

मास्तर ओलेत्यानेच मंदिरात गेले. पुढे मेजाजवळ उपदेशकाची चटई होती. तेथे गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावले. "प्रभू," ते वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "शिलास पगारे..." आणि अडखळले. पुढे शब्द येईना. त्यांनी तेच नाव पुन्हा घेतले.

शिलास दारात उभा राहून ऐकत होता. आपले नाव कोणी असे देवापुढे घेतलेले त्याने आजवर ऐकले नव्हते. सेवा सोडण्याची भाषा त्याच्या तोंडी पुन्हा आली नाही. आणि मास्तरांचे कपाळ बराच वेळ जमिनीवरून उठले नाही.