गुणाजीने दार टेकडीवर नेलं

एका गावात एक भोळा गुणाजी राहत होता. गावाला नाव होतं, पण गुणाजीमुळे ते कुणी परगावी सांगत नसे.

घरात बायको चंद्रभागा आणि म्हातारी आई. दोघींनी दिवाळीपासून अबोला धरला होता. चंद्रभागा म्हणायची, सांगा तुमच्या आईला, आमटीत मीठ बरोबर आहे. आई म्हणायची, सांग तुझ्या बायकोला, मला जीभ आहे. तिघं एकाच चुलीपाशी बसलेली असत, तरी गुणाजी उठायचा, दोन पावलं जायचा आणि निरोप पोचवायचा. शेवटी चंद्रभागा म्हणाली, सोमवारी मी माहेरी जाते, ती परत यायची नाही. आई म्हणाली, मग मी काशीला जाते. गुणाजीला दोघीही हव्या होत्या.

तो वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की घरात कोंडून माणसं आंबतात. त्यांना रानात ने, झाडाखाली जेवू घाल, मोकळा वारा लागू दे.

गुरुवारी गुणाजीने दोघींना रानात नेलं. झाड म्हणजे झाड, म्हणून जे पहिलं दिसलं त्याच्याखाली बसवलं. ती बाभळ होती. दोघी बसल्या तशा उठल्या. काटे काढता काढता चंद्रभागा म्हणाली, "अहो, आधी जागा झाडावी, घोंगडी अंथरावी, मग माणसाला बसवावं."

गुणाजीने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

शुक्रवारी तो त्यांना नदीवर घेऊन गेला. काठावर काटे असतील, त्यापेक्षा पाण्यातच बसवू, म्हणून केरसुणी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि पाणी झाडू लागला. बराच वेळ झाडलं. मग त्यावर घोंगडी अंथरली आणि घोंगडीवर भाकरीची दुरडी ठेवली. घोंगडी निघाली, दुरडीही तिच्याबरोबर निघाली. घोंगडी पुढच्या वळणावर सापडली. भाकऱ्या माशांना पोचल्या.

आईने कपाळावर हात मारला. "मेल्या, जाणारी वस्तू आधी बांधून ठेवावी. घट्ट."

गुणाजीने तेही ध्यानात ठेवलं.

शनिवारी तो त्यांना टेकडीवरच्या आवळीखाली घेऊन गेला. जागा झाडली, घोंगडी अंथरली. दोघी तोंडं फिरवून, बुंध्याच्या दोन बाजूंना टेकून बसल्या. आता झऱ्यावरून पाणी आणायचं होतं. गुणाजीने विचार केला, इथे जाणाऱ्या वस्तू कोणत्या? भाकरी कुठे जायची नव्हती. चंद्रभागा माहेरी जायची होती आणि आई काशीला जायची होती. त्याने घरून आणलेला बैलाचा कासरा काढला. काय चाललंय हे दोघींना कळेपर्यंत गाठ बसली होती.

तो पाण्याला गेला आणि वानरं उतरली. भाकरीची दुरडी आणि आमटीचं वाडगं मधोमध घेऊन पंगत बसली.

"आत्याबाई, तुमचा हात सुटतोय का?" चंद्रभागेच्या तोंडून निघून गेलं.

"नाही गं बाई. तुझा पाय पोचतोय का बघ."

पाय पोचला नाही. एका वानराने आमटीत बोट घालून चाखलं आणि मग सगळं वाडगंच तोंडाला लावलं.

"बघा, मीठ बरोबर आहे," चंद्रभागा म्हणाली. म्हातारीला हसू फुटलं. मग दोघींनाही आवरेना.

गुणाजी परतला तेव्हा दोघी डोळे पुसत होत्या. त्याने सोडल्यावर तिघांनी आवळे खाल्ले, वर पाणी प्यायलं. तोंड गोड झालं. वारा सुटला होता, घरी जायची कुणालाच घाई नव्हती. चंद्रभागा म्हणाली, "हे झाड आपल्या दारात असतं ना, तर मी कुठ्ठं गेले नसते."

गुणाजीने हे तर फारच पक्कं ध्यानात ठेवलं.

रविवारी सासू-सुना मिळून धुणं घेऊन नदीवर गेल्या. घरी गुणाजी विचार करत बसला. आवळी मोठी, दार लहान. त्याने घराचं दार उपसलं आणि डोक्यावर घेऊन टेकडी चढला. जागा झाडली, घोंगडी अंथरली, दार आवळीला घट्ट बांधलं.

परतताना दोघींना खालूनच टेकडीवर दार दिसलं. त्या धापा टाकत वर गेल्या.

"झाड दारात आलं," गुणाजी समाधानाने म्हणाला. "शिवाय दार इथं आहे. आता उद्या तू निघणार तरी कुठून?"

चंद्रभागेने सकाळीच माहेरचं गाठोडं सोडून ठेवलं होतं. पण म्हातारीला एकदम आठवलं, "अरे गुणा, आणि घर?"

तिघं धावत खाली आली. घरात गावची सगळी गुरं शिरली होती. म्हैस धान्याच्या कणगीत तोंड घालून उभी होती, वासरू चुलीपाशी बसलं होतं आणि बोकड चंद्रभागेचं लुगडं चघळत होता.

गुणाजी रिकाम्या चौकटीत उभा राहिला आणि डोकं खाजवू लागला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "घराला दारच नाही, तर ही आत आली कुठून?"