विहिरीवरची मोटार

एका घाटाखालच्या गावात एक मोटारवाला राहत होता. भिवाशेट त्याचं नाव. मोटारींचा कारखाना मोठा, मिशा मोठ्या आणि त्याच्या मोटारीचा आवाज त्याहून मोठा. मोटार वेशीबाहेर असली तरी गोठ्यातल्या गाई दावं तोडायच्या. लोक म्हणायचे, "वा! मोटार असावी तर अशी!"

घाटमाथ्यावर देवीचं देऊळ होतं. जत्रेच्या पहाटे सगळ्या मोटारवाल्यांनी घाट चढायचा. जो आधी पोचेल, त्याच्या मोटारीतून देवीचा मुखवटा खाली गावात यायचा. देवी जिच्यात बसली, तीच मोटार मग वर्षभर लोक मागायचे. बावीस वर्षं हा मान भिवाशेटचा. तेवढ्या काळात किती कारखाने निघाले आणि किती बुडाले! शेट मात्र जागचा हलला नाही.

त्याच गावात सगुणा नावाची बाई विहिरीवरच्या बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करायची. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता एकदा तिच्या मनात आलं, जी मोटार पाणी वर चढवते, ती माणसांना का नाही चढवणार? झालं! पाच वर्षं घराचं छप्पर गळत राहिलं, पण विजेवरची गाडी उभी राहिली.

ती आधी शेटकडेच गेली. "शेट, एकदा बसून तर बघा."

शेट पोट धरून हसला. "अगं बाई, पंपाची मोटार ती! विहिरीत सोड तिला. माझ्या रस्त्यावर कशाला?"

सगुणाला ते फार लागलं. ती गाडी घेऊन परत गेली.

जत्रेची पहाट झाली. धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. शेट मागच्या सीटवर शाल पांघरून पेंगत होता. अर्ध्या घाटात इंजिन तापलं, म्हणून ड्रायव्हरनं मोटार थांबवून पाणी ओतलं.

"शेट, मागून कसलीशी घूंघूं येतेय."

"कुणीतरी विहिरीवर मोटार लावली असेल."

"इतक्या वर विहीर कुठली, शेट?"

"असेल रे पुजाऱ्याची! झोपू दे मला."

पांढरं काहीतरी शेजारून सरकत गेलं. शेटला वाटलं, ढगच चाललाय.

वर पोचतात तो काय! देवीचा मुखवटा सगुणाच्या गाडीत बसलेला. बावीस वर्षांचा मान गेला, आणि कधी गेला तेही शेटला कळलं नाही. आता ही बाई चारचौघांत टोमणा मारणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

सगुणा म्हणाली, "शेट, आता तरी बसा. मागची जागा रिकामी आहे."

शेट गाडीत बसला. गाडी घाट उतरू लागली. आवाज नाही, हादरा नाही. स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. एका वळणावर शेट दचकला.

"हे काय वाजतंय?"

"झरा आहे, शेट. बारमाही वाहतो."

शेटचे डोळे भरून आले. "बावीस वर्षं या घाटातून जातोय मी. इथं झरा आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

"सांगितलं असेल, शेट," सगुणा हळूच म्हणाली. "तुमच्या मोटारीत ऐकू कुठं येतं?"

तात्पर्य: ज्याला आपलाच आवाज गोड लागतो, त्याला काळ शेजारून पुढे गेलेलाही कळत नाही.