जित्या गुरूचं सुतक

“मग सांग की गं, मी मेले कधी?”

मैनागुरूनं विचारलं आणि पानाची पिंक मोरीत टाकली.

समोर केवडा. मान खाली. बार्शीतला हा तृतीयपंथीयांचा डेरा. इथंच मैनागुरूनं तिला चेली केलं, नाव दिलं, साडी नेसायला शिकवली. मग केवडा मुंबईला गेली. पडद्यावर हलती चित्रं, आवाज, जुने कागद, असलं काय काय जोडून मोठी कलाकार झाली. उंबरा मात्र विसरली.

“ते प्रदर्शन होतं, गुरू.”

“ठाऊक आहे. पेपरात फोटो आला. पांढरं नेसून बसलीयस, पुढ्यात बांगड्यांचा चुरा.”

गुरू गेली की चेलीनं विधवेसारख्या बांगड्या फोडायच्या, पांढरं नेसायचं, ही डेऱ्याची रीत. केवडानं ती गुरू धडधाकट जिती असताना केली. रोज संध्याकाळी, चारचौघांना बोलावून.

“तो फोटो बघून कुर्डुवाडीच्या डेऱ्यातल्या दोघी ऊर बडवत आल्या. दारात मला बघून त्यांची बोबडी वळली. मग मीच चहा टाकला. माझ्याच मयताचा.”

केवडाला हसू फुटलं. गुरूचं तोंड बघून विरलं.

“एका भिंतीवर मी राजवाड्यातली आपली माणसं दाखवली,” केवडा ताठ होत म्हणाली. “जनानखान्याच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, ती. दुसऱ्या भिंतीवर आपली बोली. इतिहासात आपल्याला कुणी जागा दिली का? मी दिली. परदेशातनं लोक आले बघायला.”

“त्यांना जागा दिलीस. आणि मला मारलंस.”

“ती कला आहे! तुम्हाला नाही कळायचं.”

“नाही कळायचं...”

खोलीत एकच खाट होती. भिंतीला टेकवलेलं एकच ताट. एके काळी इथं चेल्यांचा एवढा गलका असायचा की शेजारी भांडायला यायचे. कुणी सुरतेला गेली, कुणी देवाघरी. आता शेजाऱ्यांनाही भांडायला कारण उरलं नव्हतं.

“आपले पंच म्हणतात, डेऱ्यातनं तुझं नाव काढून टाक,” गुरू म्हणाली. “मी म्हटलं, आधी तोंड तर बघू द्या.”

केवडाचा सगळा ताठा उतरला. आईबापानं तिच्या नावानं केव्हाच आंघोळ केली होती. तिला आपली म्हणणारं जगात हे एवढंच दार.

“फोडताना रडायचीस?”

“हो.”

“खोटं?”

“पहिल्या दिवशी खोटं. मग... थांबायचंच नाही. माणसं निघून जायची, दिवे मालवायचे, तरी चालूच.”

“कुणासाठी?”



“तुमच्याशिवाय मला रडायला आहे कोण, गुरू?”

...

मैनागुरू गुडघ्यावर हात टेकत उठली. फळीवरून हिरव्या बांगड्यांचा जोड काढला, वाटीत साबण कालवला आणि केवडाचा हात ओढून मांडीवर घेतला. मनगट रिकामं होतं.

“मी घालत नाही हल्ली. आवाज रेकॉर्ड करताना वाजतात.”

“वाजू दे.”

केवडाचा हात दगडासारखा. गुरू दाबत राहिली. एक बांगडी कडकन गेली, तळव्यावर रक्ताचा थेंब आला.

“फुटली...”

“वाढली म्हणावं. एवढंही विसरलीस?”

गुरूनं पदरानं रक्त पुसलं आणि दुसरी बांगडी घेतली.

“गुरू, नाव काढायचंय ना माझं? मग हे कशाला?”

मैनागुरूनं वर बघितलंच नाही.

“हात सैल सोड. ... आणि ह्या तेवढ्या वेळेवर फोड.”