हिरवं पाणी, लाल फुली

चूक हसुराममामाची. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मोठी माणसं सगळं खापर भोळ्याच्या डोक्यावर फोडून मोकळी होतात.

समुद्रकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा भाचा होता. त्याचा मामा भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर मुकादम. प्लॅटफॉर्म चाळीस वर्षांचा, पार गंजलेला. गटारं तपासून साहेबांनी सही केली तरच तो पुढं चालणार, नाहीतर टाळं. मग मामाची नोकरीही खलास. आणि मामानं बारा वर्षांत एकाही गटारात वाकून पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसून 'सर्व ठीक' लिहायचा. साहेब येणार म्हटल्यावर त्याची तंतरली. त्यानं भाच्याला प्लॅटफॉर्मवर नेऊन कामाला लावलं.

"गटारात वरून हे रंगाचं हिरवं पाणी ओत, खालून येतंय का बघ. प्रश्न विचारायचे नाहीत. सांगितलं तेवढं कर."

"बरं मामा."

धाकूनं जाळीत हिरवं पाणी ओतलं आणि खाली जाऊन बसला. पाणी येईना. जेवणाची वेळ टळली तरी तो बसलेलाच.

"अरे बैला, येत नाही म्हणजे अडकलंय! लाल फुली मार, काठी घाल!"

"बरं मामा."

स्वयंपाकघरात आचाऱ्यानं बेसिनच्या भोकात चिंधी कोंबून वाल भिजत घातले होते. धाकूनं खाली वाकून पाहिलं. थेंब येईना. त्यानं फुली मारली, काठी घातली. चिंधी गेली, मागोमाग वालही गेले. आचाऱ्यानं झारा फेकून मारला.

मामा ओरडला, "दिसेल तिथं काठी घालतोस? आधी विचारावं, 'खालून येतंय का?' नाही म्हणाले तरच काठी!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी पंपाजवळची जाळी तुंबली. तेलकट पाणी घोट्यापर्यंत आलं. धाकू जाळीपाशी उकिडवा बसून विचारत होता, "खालून येतंय का? अगं, सांग की!" जाळी बोलेना. मामा धावत आला आणि घसरला तो थेट कठड्यावर जाऊन आपटला.

"मेल्या, जाळीला तोंड असतं का? तोंड असेल त्याला विचारावं!"

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मोठ्यांना उलटं बोलतोस?"

"बरं मामा."

तिसऱ्या दिवशी साहेब हेलिकॉप्टरनं उतरले. त्याआधीचे दोन दिवस ते असेच दुसरे प्लॅटफॉर्म तपासत फिरत होते. तोवर बाकीच्या माणसांनी राबून गटारं मोकळी केली होती. साहेब खूश. कागद पुढं घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"आधी सरबत घ्या ना साहेब," मामा लाळ घोटत म्हणाला.

धाकूनं पाहिलं. सरबत वरून आत जाणार. साहेबांना तोंडही आहे. त्यानं हळूच पेल्यात हिरवं ओतलं. कागद वाचता वाचता साहेबांनी ते गटागटा पिऊन टाकलं. धाकू खुर्चीमागं गेला, वाकला. खाली कोरडं ठणठणीत.

"साहेब, खालून येतंय का?"

साहेबांना वाटलं, पोरगा तब्येतीची चौकशी करतोय. हिरव्या ओठांनी ते कुजबुजले, "नाही रे बाबा. दोन दिवस झाले."

"मामा, नाही म्हणाले!"

धाकूनं साहेबांच्या पोटावर, पांढऱ्याशुभ्र शर्टावर, ठसठशीत लाल फुली मारली. मग काठी उचलली.

साहेब सही न करता हेलिकॉप्टरकडं पळाले. प्लॅटफॉर्मला टाळं लागलं. मामाची नोकरी गेली.