गळक्या मडक्यातला मेंदू

सातवीनंतर माझी शाळा सुटली. शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फार पूर्वी ओढ्याकाठी एका मडक्यात नुसता मेंदू राहत होता. त्याला हात, पाय, कातडी काहीच नव्हतं. मडक्यातलं पाणी आटलं की तो संपणार होता. पण त्याला सगळं ठाऊक असे, म्हणून जनावरं लांबून विचारायला येत.

एकदा शेजारचा खेकडा म्हणाला, "मेंदूराव, तुमचं पाणी उतरलंय."

"मातीचं मडकं पाझरतंच," मेंदू म्हणाला. "म्हणून तर पाणी गार राहतं. एवढंही माहीत नाही तुला?"

"पाझरलं तर नुसतं ओलसर लागतं. इथे माझे पाय चिखलात रुतलेत." खेकड्याने नांगीने मडक्यावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. "तडा गेलाय. ज्ञान काठोकाठ, आणि बूड गळकं."

तेव्हा मेंदूने जन्मात पहिल्यांदाच कुणालातरी काही विचारलं. "ओलसर कसं लागतं रे?"

खेकड्याला ते सांगता येईना. "आधी जगा, मग बघू," म्हणत त्याने चिकणमाती आणून तडा लिंपला. जनावरांनी तोंडात पाणी धरून आणून मडकं भरलं.

तेव्हापासून कुणी काही विचारलं, की मेंदू आधी म्हणे, "खेकड्या, जरा हात लावून बघ."

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या माठाच्या बुडाला हात लावून पाहिला. पाणी रोज पितो, पण तिथे इतकं गार लागतं हे मला माहीत नव्हतं.