ओसरीवरचा चहा

इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका कॉम्प्युटरमधला ब्राउझर दिवसभर हिंडायचा आणि भेटेल त्या वेबसाइटला थेट माजघरात आणायचा. तिथेच घरचे फोटो, तिथेच पासवर्ड. एकदा बक्षिसाची बातमी घेऊन आलेली गोडबोली साइट पासवर्ड घेऊन पसार झाली.

तेव्हापासून ब्राउझरने पुढे ओसरी काढली. येईल त्याला तिथेच बसवायचं, चहाही तिथेच.

एके दिवशी पाककृतींची साइट रुसली. "रोजची येणारी मी. माझ्यावरही संशय?"

"तुझ्यावर नाही गं," ब्राउझर म्हणाला. "पण ही जाहिरात कडेवर घेऊन आलीस, ती कोणाची?"

"वाटेत कुणीतरी दिली."

बोलताबोलता साइटने कडेवर पाहिलं. जाहिरात मान उंच करून माजघरात डोकावत होती.