सिदोबाचा सूर

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या महाद्वारावर दोन सनईवाले बसत. नेमाजी राग आळवी, आणि थोरला सिदोबा दुसऱ्या सनईवर एकच सूर धरी. गाल फुगवून, श्वास न तोडता, प्रहर प्रहर. सिदोबाला मंत्रविद्या येते हे सारे जाणत, पण त्याने ती कधी वापरली नव्हती.

एके दिवशी राजा म्हणाला, "एकच सूर धरणारा हा माणूस हवाच कशाला?" आणि त्याने सिदोबाची सनई उंबऱ्यावर आपटून फोडली. सिदोबा इतकेच बोलला, "जिथे माझ्या सुराला जागा नाही, तिथे कुणाच्या पायाला जागा न मिळो." मग तो डोंगराकडे चालू लागला.

त्या क्षणापासून नगरी थांबेना. राजा सिंहासनाभोवती फिरे, न्याय मागणारे राजाभोवती फिरत. लेकुरवाळ्या चालता चालता पाजत. बोहल्यावरची नवरानवरी मंडपाबाहेर निघाली, ती परत वळलीच नाहीत. झोप चालतानाच येई आणि भिंतीवर आपटून मोडे. नेमाजीने सनई वाजवून पाहिली, तर लोक अधिकच धावू लागले. त्याचे काळीज काहीतरी कुरतडत होते. ते तो कुणाला सांगेना.

सातव्या दिवशी तटावरचा धनेश पक्षी नेमाजीला म्हणाला, "सिदोबा डोंगरावर शिळा होऊन बसला आहे. शाप उच्चारणाऱ्यालाही चुकत नाही; तुमचे पाय थांबेनात, त्याचे उठेनात. त्याच्या हाती नवी सनई दे. नळी बोलत्या शिसवीची, तोंड शापित खजिन्यातल्या पितळेचे, आणि फुंकायची जिव्हाळी टिटवीच्या तळ्यातल्या लव्हाळ्याची."

"मग तो उठेल?"

"सनई बोलली तर."

नेमाजी निघाला. रानात शिसवीने विचारले, "माझी फांदी नेऊन काय करशील?"

तिच्याभोवती फिरत नेमाजी म्हणाला, "आतून पोखरीन. ओठाशी अरुंद, खाली रुंद. वर ओळीने भोके पाडीन."

"मला दुखेल."

"दुखेल," तो म्हणाला. शिसवीने फांदी टाकली. नेमाजीने ती वाटेने चालता चालताच कोरली.

पुढे गुहेत खजिना होता आणि त्यावर नाग. जो तिथे थबके, त्याचेच सोने होई. असे चाळीस पुतळे आत उभे होते. पाचूच्या हारावर नेमाजीची नजर खिळली. पण पाय त्याला ओढत राहिले, आणि जाता जाता हाताला पितळी वाटी तेवढी लागली. नाग म्हणाला, "न थांबणारा पहिलाच पाहिला." नेमाजीने वाटीचा तळ फोडून ती नळीच्या रुंद टोकाला बसवली.

तळ्याकाठी त्याने लव्हाळ्याची दोन पाती कापली, एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधली, ओठात भिजवली, फुंकली. आवाज नाही. पुन्हा फुंकली. पाती एकमेकांना घट्ट चिकटलेली.

टिटवी ओरडली, "तोंडात काही दडवून ठेवशील, तोवर ती उघडणार नाहीत."

नेमाजीने तळ्याला कितीतरी फेऱ्या घातल्या. शेवटी तो म्हणाला, "राजाने आधी मलाच विचारले होते, याच्यावाचून तुझे चालेल का? मी म्हणालो, चालेल. मानाचा शेला मला एकट्याला हवा होता."

पात्यांत केसाएवढी फट पडली. जिव्हाळी बोलली.

डोंगरावर सिदोबा दगड होऊन बसला होता, रिकामे हात ओठांशी धरून. नेमाजीने त्या हातांत सनई ठेवली आणि तेच शब्द त्याच्यासमोर पुन्हा उच्चारले. दगडाचे गाल फुगले. सूर निघाला. नेमाजीचे पाय जागच्या जागी थांबले, आणि तो मटकन खाली बसून रडू लागला.

सिदोबाने सनई खाली घेतली. "मला माहीत होते," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायचे होते."

"दादा, नगरीत चला. सारे थकले आहेत."

"राजा?"

"तोही."

सिदोबा उठला. महाद्वाराशी येऊन त्याने सूर धरला, आणि पेठ, देऊळ, दरबार, एकेक करून सारे थांबले. कुठल्या कुठे गेलेली नवरानवरी एका वडाखाली बसली आणि प्रथमच एकमेकांकडे निवांत पाहू लागली. राजा पायऱ्या उतरून आला, उंबऱ्यावर बसला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, "सिदोबा, मी चुकलो."

नेमाजीने आपली सनई उचलली, पण त्याला सुरुवात करवेना. सिदोबाने सूर न तोडता, त्याच्याकडे न पाहता, त्याला कोपराने ढोसले.

नेमाजीने पहिला स्वर लावला.

ज्यांनी ऐकले त्यांचे कान तृप्त होवोत, ज्याने सांगितले त्याला घोटभर पाणी मिळो.